नियम घालणारा भाऊ आणि नियम मोडविणारी बहीण

संसार टाकून रानात गेलेल्या पुरुषाची थोरवी आपल्या वाचकांस पटवून देण्याची गरज नाही. ती आपल्या बाळकडूतच आहे. परंतु ज्याने संसार टाकला, आणि टाकल्यानंतर पुन्हा दहा-वीस परक्या माणसांबरोबर एका छपराखाली राहण्याचे, एका चुलीवरचे खाण्याचे, एकाची झोप, दुसऱ्याचा राग व तिसऱ्याची कुरकूर सोसण्याचे व्रत पत्करले, त्याची थोरवी थोडी निराळी आहे. रानातल्या तपस्व्यास वारा-पाऊस सोसावा लागतो. घरातल्यास माणसे सोसावी लागतात. या दोहोंपैकी कठीण कोणते, हे ज्यांच्या माजघरात तीन पिढ्या एकत्र वावरतात त्यांस विचारावे.

या महिन्यात आपण ज्या सत्पुरुषाची ओळख करून घेणार आहोत, त्या इटलीतील बेनेडिक्टने ही दोन्ही तपे केली. तीन वर्षे तो डोंगरातल्या गुहेत एकटा राहिला; परंतु त्याचे नाव त्या गुहेमुळे राहिले नाही. ते राहिले त्याने मठवासीयांसाठी लिहिलेल्या एका लहानशा नियमावलीमुळे. सुमारे दीड हजार वर्षे झाली, तरी तिच्या आधाराने आजही अनेक देशांत स्त्री-पुरुषांचे मठ चालतात.

त्याच्या चरित्राचे साधन एकच, आणि ते पोप ग्रेगरी याने लिहिलेले. ग्रेगरी सन ५९० मध्ये पोप झाला. त्यापूर्वी तो स्वतः मठवासी होता. सन ५९३ च्या सुमारास त्याने इटलीतील सत्पुरुषांच्या कथांचा संवादरूप ग्रंथ रचला, आणि त्याचा दुसरा भाग सर्वस्वी बेनेडिक्टला वाहिला. ही माहिती आपण बेनेडिक्टच्या चार शिष्यांकडून मिळविली, असे सांगून ग्रेगरी त्यांची नावेही देतो. त्या ग्रंथात चमत्कार पुष्कळ आहेत. ते खरे मानावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न; परंतु सांगणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्या कथांतून स्पष्ट दिसते, आणि आपल्याला तेवढे पुरे आहे.

बेनेडिक्टचा जन्म सन ४८० च्या सुमारास मध्य इटलीतील नर्सिया गावी झाला. या गावास हल्ली नोर्चा म्हणतात. घराणे सुखवस्तू व प्रतिष्ठित होते. त्याच्या जन्मापूर्वी थोडीच वर्षे, म्हणजे सन ४७६ मध्ये, पश्चिमेकडील अखेरच्या रोमन बादशहास पदच्युत करण्यात आले होते. ज्या राज्याच्या रस्त्यांवरून निम्मे जग चालले, त्याची पडझड तो लहानपणापासून पाहत होता. विद्यार्जनासाठी त्यास रोमला धाडण्यात आले. तेथे बरोबरीच्या तरुणांचा स्वैराचार पाहून त्याचे मन विटले. विद्या मिळेल, पण आपण हाती राहणार नाही, असे वाटून त्याने शिक्षण अर्धवट टाकले व शहर सोडले.

तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर एकच माणूस होते : त्यास लहानाचा मोठा करणारी त्याची दाई. दोघे डोंगराकडच्या एका गावात राहिली. दाईने शेजारणीकडून गहू निवडण्याचे पात्र उसने आणले होते. ते मेजावरून पडून दुभंगले. उसनी वस्तू आपल्या हातून मोडली, आता परत काय द्यावे, म्हणून ती रडू लागली. बेनेडिक्टने ते दोन तुकडे घेतले, प्रार्थना केली, आणि पाहतो तो पात्र पूर्ववत् सांधलेले! ग्रेगरीने सांगितलेला हा त्याचा पहिला चमत्कार. पुढे एक राजाही त्याच्यापुढे नमला; पण आरंभ झाला तो एका वृद्धेच्या डोळ्यांतील पाणी पुसण्यापासून, आणि तेही स्वयंपाकघरातल्या एका भांड्यापायी.

गावकऱ्यांनी ते पात्र देवळाच्या दाराशी टांगले व या पोराचा बोलबाला सुरू झाला. त्या लौकिकाला भिऊन तो दाईलाही न सांगता निघाला, आणि सुबियाको नावाच्या जागी एका अरुंद गुहेत जाऊन राहिला. रोमानस नावाचा जवळच्या मठातला एक साधू आपल्या वाट्याची भाकरी राखून ठेवी व वरच्या कड्यावरून दोरीने खाली सोडी. दोरीला घंटा बांधलेली असे. अशी तीन वर्षे गेली. एकदा धनगरांनी झुडपांतून त्यास पाहिले, तेव्हा अंगावरच्या कातड्यामुळे हे कोणी जनावरच आहे असे त्यांस वाटले.

त्याची कीर्ती ऐकून जवळच्या एका मठातील साधू त्याजकडे आले. त्यांचा मठाधिपती वारला होता. ती जागा याने घ्यावी, असा त्यांनी आग्रह धरला. तुमच्या-माझ्या वागणुकीचा मेळ बसणार नाही, असे त्याने पुष्कळ सांगून पाहिले. पण अखेर तो गेला. आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. नवीन अधिपतीची शिस्त त्या साधूंस इतकी जाचू लागली की त्यांनी त्याच्या द्राक्षासवात विष कालविले. जेवणापूर्वी त्याने पात्रावर आशीर्वादाचा हात उचलताच काचेचे ते पात्र दगड बसावा तसे फुटले. बेनेडिक्ट शांतपणे उठला. देव तुम्हांस क्षमा करो, तुमच्यासारखाच कोणी अधिपती शोधा, असे सांगून पुन्हा आपल्या गुहेकडे निघून गेला. ना शिक्षा, ना शाप.

या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ग्रेगरी तो त्याच्या साधुत्वाचा पुरावा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण याच कथेत आणखीही एक गोष्ट आहे. तो माणूस निर्दोष होता, त्याची शिस्त उत्तम होती, आणि तरीही ज्या घरावर त्याने ती लादली ते घर त्याच्या हाताखाली विषाच्या पेल्यापर्यंत पोहोचले. केवळ चांगला माणूस आणि केवळ चांगले नियम एवढ्याने घर चालत नाही. हे सत्य त्याच्या मनात किती खोल रुतले असेल ते सांगता येत नाही. परंतु पुढे त्याने लिहिलेल्या नियमावलीत ज्या ज्या ठिकाणी अधिपतीस सावध केले आहे, ती ठिकाणे वाचताना त्या फुटलेल्या पेल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पुढे सुबियाकोस शिष्य जमू लागले. त्याने बारा मठ स्थापिले व प्रत्येकात बारा साधू ठेविले. रोममधील सरदार आपली मुले त्याच्या हवाली करू लागले. मग शेजारच्या एका पुरोहिताने मत्सराने त्यास विषारी भाकरी पाठविली. ती एका डोमकावळ्याने दूर नेऊन टाकली, अशी कथा आहे. आपल्यामुळे शिष्यांस उपद्रव होऊ नये म्हणून बेनेडिक्टने स्वतःच ती जागा सोडली. सन ५२९ च्या सुमारास रोम व नेपल्स यांच्या दरम्यान मॉन्ते कासिनो नावाच्या डोंगरावर तो आला. माथ्यावर अपोलो देवाचे जुने देऊळ होते व भोवतालचे शेतकरी त्याची पूजा करीत. बेनेडिक्टने मूर्ती फोडली, वेदी उलथली व तेथे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे उभारली. दुसऱ्याच्या दैवताशी असे वागणे आज आपल्या मनास रुचणार नाही. पण चरित्र सांगावयाचे तर ते झाकून सांगण्यात अर्थ नाही.

याच डोंगरावर त्याने ती नियमावली लिहिली. प्रस्तावना व तिच्यामागून ७३ लहान प्रकरणे, एवढाच तिचा विस्तार. ती सर्वस्वी त्याची स्वतंत्र रचना नव्हे. पूर्वीच्या संतांचे ग्रंथ, आणि विशेषतः एका अज्ञात लेखकाची याहून बरीच मोठी नियमावली त्याने समोर ठेविली होती, असे बहुतेक विद्वान आता मानतात. परंतु त्या जुन्या ग्रंथात जेथे संशय व पहारा आहे, तेथे बेनेडिक्टने पुष्कळ ठिकाणी विश्वास व सवलत घातली आहे. त्याचे खरे कर्तृत्व या फेरफारांत आहे.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकास ही नियमावली वाचताना एखाद्या मोठ्या घराच्या कारभारात डोकावल्यासारखे वाटेल. स्वयंपाकाचे काम आठवड्याच्या पाळीने सर्वांनी करावयाचे. आजारी किंवा तितक्याच महत्त्वाच्या कामात गुंतलेल्यांखेरीज कोणासही सूट नाही. मग तो सरदाराचा पुत्र असो की पूर्वी गुलाम असलेला असो. पाळी संपली की शनिवारी फडकी धुवून, भांडी घासूनपुसून मोजून परत द्यावयाची. वाढणारे उपाशी राहून दुसऱ्यांस वाढताना चिडतात, हे बेनेडिक्टला ठाऊक होते. म्हणून जेवणाच्या थोडे आधी त्यांस थोडी भाकरी व पेय द्यावे, अशी त्याची आज्ञा आहे. जेवणात शिजविलेले दोन पदार्थ असावेत. कारण एखाद्यास एक मानवत नसेल तर त्याने दुसऱ्यावर जेवावे. अगदी अशक्त आजाऱ्यांखेरीज कोणी चतुष्पाद प्राण्याचे मांस खाऊ नये. मद्य मठवासीयांस मुळीच योग्य नाही असे पूर्वीच्यांनी म्हटले आहे खरे. पण आजच्या मंडळींस ते पटविणे अशक्य दिसते, तेव्हा निदान बेताने प्यावे एवढे तरी ठरवू या, अशा थाटाने तो रोजचे एक लहान माप नेमून देतो. हे वाचताना त्या गंभीर पुरुषाच्या ओठांवर क्षणभर हसू उमटले असेल असे वाटते.

पहाटेपूर्वी काळोखात प्रार्थनेस उठावयाचे. झोपाळू माणूस उठताना शंभर सबबी सांगतो. म्हणून एकमेकांस हलक्या शब्दांनी उठवावे. आरंभीचे एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावे, म्हणजे मागाहून येणारास ते संपण्यापूर्वी पोहोचता येईल. त्यानंतरही जो येईल त्यास बाहेर ठेवू नये, कारण बाहेर राहिला तर तो पुन्हा निजेल किंवा गप्पा मारीत बसेल; त्यास आत घ्यावे, पण सर्वांच्या नजरेस पडेल अशा शेवटच्या जागी उभे करावे. शिस्त आहे, शिक्षाही आहे. पण दोहोंच्या आधी त्या झोपाळू माणसासाठी स्तोत्र लांबविण्याची युक्ती आहे.

आता घरातल्या मोठ्यांविषयी. मठाधिपतीची आज्ञा सर्वांनी पाळलीच पाहिजे. परंतु महत्त्वाचा प्रश्न आला की त्याने सर्वांस एकत्र बोलवावे व प्रत्येकाचे मत घ्यावे, अगदी लहानाचेसुद्धा. कारण पुष्कळदा देव उत्तम सल्ला सर्वांत धाकट्याच्या तोंडून देववितो, असे कारण तो सांगतो. अधिपतीने दोषांचा तिटकारा करावा, माणसांचा करू नये. गंज खरवडण्याच्या भरात भांडेच फुटणार नाही याची काळजी घ्यावी. त्याची भीती वाटण्यापेक्षा त्याच्याविषयी प्रेम वाटावे, हे बरे. कोणास गोड शब्द लागतो, कोणास कडक. ज्याचा जसा स्वभाव तसे आपण वळावे. धाकट्यांनी वडीलधाऱ्यांस आदराच्या नावाने हाक मारावी व वडीलधाऱ्यांनी धाकट्यांस बंधू म्हणावे. नुसत्या नावाने कोणीही कोणास हाक मारू नये. वडीलकी मात्र वयावर किंवा कुळावर नाही. जो आधी मठात आला तो वडील.

कोठीची व्यवस्था पाहणाऱ्या कोठावळ्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते आमच्या मते साऱ्या नियमावलीत सुंदर आहे. कोठावळ्याने कोणाचे मन दुखवू नये. कोणी भलतेच मागितले तर झिडकारू नये, नम्रपणे नाही म्हणावे. आणि देण्याजोगे काही नसेल तर निदान एक चांगला शब्द द्यावा. मठातली साधीसुधी भांडी व हत्यारेसुद्धा त्याने देवाच्या वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावी. ज्याने दाईचे फुटलेले पात्र हाती घेतले होते, त्याच्याच लेखणीतून हे उतरले आहे.

हा केवळ उपदेश नव्हता, हे दाखविणाऱ्या दोन कथा ग्रेगरीने दिल्या आहेत. दुष्काळ पडला होता व मठातले बरेचसे धान्य बेनेडिक्टने वाटून टाकले होते. थोडेसे तेल काय ते एका काचेच्या पात्रात शिल्लक होते. चर्चचा आगापितस नावाचा एक कनिष्ठ सेवक ते मागावयास आला. बेनेडिक्टने देण्यास सांगितले. परंतु मठातल्यांस काही उरणार नाही म्हणून कोठावळ्याने दिले नाही. हे कळताच बेनेडिक्ट रागावला व ते पात्र खिडकीतून खाली फेकण्यास त्याने सांगितले. आज्ञाभंगाने राखलेले काहीही घरात नको. पात्र खडकांवर पडूनही फुटले नाही, तेल सांडले नाही, आणि ते मागणाऱ्यास मिळाले. दुसरी कथा एका तरुण साधूची. तो प्रतिष्ठित घराण्यातला होता. संध्याकाळी बेनेडिक्ट जेवीत असता हा दिवा धरून उभा होता आणि मनात म्हणत होता की, हा कोण लागून गेला की मी याच्यापुढे दिवा धरावा? तोंडातून अक्षर निघाले नव्हते. पण बेनेडिक्टने ते ओळखले, दिवा दुसऱ्याच्या हाती देवविला व त्यास स्वस्थ बसावयास सांगितले. दिवा धरण्याचे काम शिक्षा म्हणून वाढविले नाही; ते काढून घेतले. अढीने केलेली सेवा त्यास नको होती.

मठाच्या भिंतीबाहेर या काळात काय चालले होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सन ५३५ पासून पूर्व रोमन बादशहा जस्टिनियन याच्या फौजा व गॉथ लोक यांच्यात इटलीच्या भूमीवर जवळजवळ वीस वर्षे युद्ध धुमसत होते. गावे ओस पडली. मध्येच महामारी आली. गॉथांचा राजा तोतिला या साधूची परीक्षा पाहण्यास आला, तेव्हा त्याने आपली वस्त्रे एका सेवकास घालून त्यास पुढे धाडले. बेनेडिक्टने दुरूनच सांगितले की, मुला, जे अंगावर घातले आहेस ते तुझे नव्हे, उतरून ठेव. मग राजा स्वतः आला व जमिनीवर पालथा पडला. बेनेडिक्टने त्यास हाताने उठविले, त्याच्या क्रौर्याबद्दल चार खरे शब्द सुनावले आणि त्याचा अंतही सांगितला. त्यानंतर राजाचा क्रूरपणा कमी झाला, असे ग्रेगरी लिहितो. अशा दिवसांत, जेथे उद्याची खात्री नाही, तेथे हा पुरुष दोन भाज्या असाव्यात की एक, याचा विचार करीत होता. आम्हांस यात क्षुद्रपणा दिसत नाही. राज्ये कोसळत असता ज्याला एक घर नीट उभे करता येते, त्याच्या हातून जगाचे काही कमी भले होत नाही.

नियमावलीत कठोरपणा नाही असे मात्र कोणी समजू नये. पुस्तक, लिहिण्याची पाटी किंवा लेखणीसुद्धा कोणी स्वतःची म्हणून बाळगू नये. आईबापांकडून आलेले पत्र अधिपतीच्या परवानगीवाचून घेऊ नये. चुकणाऱ्या मुलांस उपवास व मार यांची शिक्षा आहे. आईबापांनी अजाण मुलास कायमचे मठाला वाहण्याची चालही तीत मान्य केलेली आहे. ही अंगे आजच्या दृष्टीने समर्थनीय नाहीत. आणि खुद्द बेनेडिक्टही नियमापुढे कोणाची भीड न धरणारा होता. म्हणूनच त्याच्या बहिणीची कथा इतकी महत्त्वाची ठरते.

तिचे नाव स्कोलास्तिका. ती बालपणापासून ईश्वरास वाहिलेली होती. दोघे जुळी होती असे परंपरा सांगते. ग्रेगरी केवळ बहीण म्हणतो. वर्षातून एकदा ती भावास भेटावयास येई, आणि तो मठाच्या दारापासून जवळच, मठाच्याच मालकीच्या एका जागी तिला भेटावयास खाली उतरे. अशाच एका भेटीत दिवसभर ईश्वराविषयी बोलणे झाले. अंधार पडता पडता जेवणे झाली. उशीर होत चालला. तेव्हा तिने विनविले की, आजची रात्र जाऊ नकोस, सकाळपर्यंत आपण असेच बोलत बसू. भावाने ऐकले नाही. मठाबाहेर रात्र काढणे त्यास शक्य नव्हते. नियम नियम होता, आणि तो त्याचाच होता.

स्कोलास्तिकेने वाद घातला नाही. तिने मेजावर हात जोडून ठेवले, त्यांवर मस्तक टेकले आणि ती रडत प्रार्थना करू लागली. आकाश अगदी निरभ्र होते. तिने मस्तक वर उचलले त्याच क्षणी विजा कडाडल्या, आणि असा पाऊस कोसळला की बेनेडिक्टला अथवा बरोबरच्या साधूंस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. तो खिन्न होऊन म्हणाला की, देव तुला क्षमा करो, बहिणी, हे तू काय केलेस? तिने उत्तर दिले की, तुला मागितले तर तू दिले नाहीस. देवाला मागितले तर त्याने दिले. आता जमत असेल तर जा!

तो जाऊ शकला नाही. दोघांनी सारी रात्र जागून काढली व जे बोलावयाचे होते ते बोलून घेतले. सकाळी ती परतली. तीन दिवसांनी आपल्या खोलीत उभा असता बेनेडिक्टला तिचा आत्मा कबुतराच्या रूपाने आकाशात जाताना दिसला. त्याने तिचे शव मठात आणविले आणि स्वतःसाठी तयार करविलेल्या थडग्यात ठेवविले.

आपल्याकडे ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली असता दाराशी उभी राहून त्यांस समजावणारी मुक्ताबाई परंपरेने जपली आहे. दोन देश, दोन धर्म, दोन काळ. प्रसंगही सारखे नव्हेत. परंतु थोर भावाचे दार उघडावयास, किंवा बंद करावयास, बहीणच लागली, एवढे साम्य डोळ्यांत भरते.

ग्रेगरी या कथेवर जे भाष्य करतो ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या रात्री बहिणीची सत्ता भावापेक्षा अधिक चालली यात नवल नाही. कारण तिचे प्रेम अधिक होते, असे तो म्हणतो. आणि हे लिहिणारा कोण? शिस्त व आज्ञापालन यांची थोरवी जन्मभर गाणारा, मठातून थेट पोपच्या गादीवर आलेला पुरुष! त्याने हा पराभव झाकला नाही. इतकेच नव्हे, तर आपल्या ग्रंथात त्याने बहिणीची कथा आधी सांगितली, आणि बेनेडिक्टने एक नियमावली लिहिली असून ती विवेकाने परिपूर्ण आहे, हे त्यानंतर दोन प्रकरणे ओलांडून सांगितले. हा क्रम सहज पडला असेल, वा मुद्दाम ठेविला असेल. पण वाचणारास त्यातून बोध घेता येतो. नियम वाचावयाचे ते त्या पावसाच्या रात्रीनंतर.

बेनेडिक्ट सन ५४७ च्या सुमारास वारला. परंपरेने ती तिथी २१ मार्च मानली जाते. मृत्यूपूर्वी सहा दिवस त्याने आपले थडगे उघडविले. अखेरच्या दिवशी शिष्यांनी त्यास प्रार्थनामंदिरात नेले, आणि त्यांच्या हातांवर आपले दुबळे शरीर तोलून, उभ्याने, हात आकाशाकडे उचलून प्रार्थना करीत त्याने प्राण सोडला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा भार वाहिला, त्याचा भार अखेरीस इतरांनी वाहिला. बहिणीशेजारीच त्यास पुरण्यात आले.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांतच लोंबार्ड टोळ्यांनी मॉन्ते कासिनो उद्ध्वस्त केले. नियमावली मात्र राहिली. आठव्या-नवव्या शतकात फ्रँक राजांनी तिचा पुरस्कार केला, आणि सन ८१६-८१७ मधील आखेन येथील सभांनंतर ती त्यांच्या राज्यातील मठांचा सर्वमान्य आधार बनली. पुढे याच परंपरेतील मठांत जुन्या लॅटिन ग्रंथांच्या असंख्य प्रती उतरल्या गेल्या. ग्रंथ उतरावेत असा नियम बेनेडिक्टने कोठेही घातलेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. त्याने एवढेच सांगितले होते की, आळस हा आत्म्याचा वैरी आहे; दिवसाचा काही भाग हातांनी काम करावे व काही भाग वाचावे. ज्या घरात रोज वाचन होते, तेथे पुस्तके ही गरज ठरते. बाकीचे त्यातून आपोआप आले.

तो डोंगरावरचा मठ सन ८८३ मध्ये पुन्हा जाळला गेला, सन १३४९ मध्ये भूकंपाने पडला, आणि दर वेळी उभारला गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याचा संबंध आपल्या देशाशीही आला. सन १९४४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत त्या उतारांवर चौथ्या हिंदी डिव्हिजनचे सैनिक लढले. तेथील खडकांत त्यांच्यापैकी पुष्कळ कायमचे राहिले. त्याच वर्षी १५ फेब्रुवारी रोजी दोस्तांच्या विमानांनी मठावर बाँब टाकले. जर्मन फौजेने मठाचा तळ केला आहे, या समजुतीने हे झाले. वस्तुतः तेव्हा आत होते ते थोडे साधू व आश्रयास आलेले शेकडो गावकरी, आणि त्या गावकऱ्यांतले पुष्कळ मेले. मौल्यवान ग्रंथ आधीच्या शरद ऋतूत रोमकडे हलविलेले होते म्हणून वाचले. भिंती मात्र जमीनदोस्त झाल्या. परंतु मुख्य वेदीखाली भावाबहिणीचे जे थडगे आहे, ते त्या ढिगाऱ्याखाली शाबूत सापडले. मठ पुन्हा बांधला गेला आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावा पॉल याने त्याचे पुनःपावन केले.

मठाधिपतीच्या नावाचा, त्याच्या करड्या शिस्तीचा आणि त्याने वाचलेल्या त्या असंख्य स्तोत्रांचा विचार करताना वाचकांनी हे थडगे डोळ्यांपुढे ठेवावे. त्यात नियम घालणारा आहे आणि एका रात्रीपुरता तो मोडविणारीही आहे. दोघांना एकत्र ठेवण्याची व्यवस्था त्या नियम घालणाऱ्यानेच केली होती. घरात घड्याळ असावे, पाळी असावी, मोठ्यांचा शब्द असावा, कोठीच्या किल्ल्या एकाच हाती असाव्यात. याविषयी बेनेडिक्टचे व आपल्या वडिलांचे मत एकच पडेल. पण वर्षातून एकदा येणारी बहीण जेव्हा रात्रभर बस म्हणते, तेव्हा बसावे. तिला पाऊस मागावा लागू नये.